घरांच्या विक्रीचा हंगाम कोण ठरवतो?

सप्टेंबर 2024 संपला आणि मुंबई महापालिकेच्या हद्दीतील दस्तनोंदणीचे आकडे आले, तेव्हा घरांची विक्री आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी घटल्याची बातमी सगळीकडे झळकली. पुढच्याच महिन्यात ऑक्टोबरचे आकडे आले आणि विक्री सुमारे 22 टक्क्यांनी वाढल्याचे सांगण्यात आले. घर घ्यावे की थांबावे अशा विचारात असलेल्या कुटुंबाने या दोन बातम्या लागोपाठ वाचल्या, तर त्याने काय समजावे? तीस दिवसांत बाजार मंदीतून तेजीत गेला, असे समजायचे का?

तसे काहीही घडलेले नव्हते. सप्टेंबर 2023 मध्ये मुंबईत सुमारे 10,700 दस्त नोंदले गेले होते आणि सप्टेंबर 2024 मध्ये सुमारे 9,100. ऑक्टोबर 2023 चा आकडा सुमारे 10,600 होता आणि ऑक्टोबर 2024 चा सुमारे 13,000. आता दोन्ही वर्षांतील या दोन महिन्यांची बेरीज करून पाहावी. 2023 मध्ये ती सुमारे 21,300 येते आणि 2024 मध्ये सुमारे 22,100, म्हणजे वाढ साडेतीन टक्क्यांच्या आसपास होती. मोठी घट आणि मोठी वाढ यांपैकी बरेचसे या बेरजेत विरून जाते, आणि त्याचे मुख्य कारण भिंतीवरच्या कालनिर्णयात सापडते. 2023 साली श्रावण अधिक होता, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले होते आणि पितृपक्ष सप्टेंबरच्या अगदी शेवटी सुरू होऊन 14 ऑक्टोबरपर्यंत चालला. 2024 साली तोच पितृपक्ष 18 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर असा आला. ज्या पंधरवड्यात पुष्कळ कुटुंबे घराचा व्यवहार करत नाहीत, तो एका वर्षी ऑक्टोबरच्या वाट्याला गेला आणि दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या. शिवाय 2024 चा दसरा 12 ऑक्टोबरला होता आणि धनत्रयोदशीही ऑक्टोबरमध्येच, 29 तारखेला आली. 2023 ची दिवाळी मात्र पूर्णपणे नोव्हेंबरमध्ये होती.

घरांच्या विक्रीतील हंगामी चढउतार समजून घ्यायचे असतील, तर सुरुवात येथून करावी असे मला वाटते. आपण इंग्रजी महिन्यांची तुलना करतो, घर घेणारी माणसे मात्र एकाच वेळी तीन वेगवेगळ्या कॅलेंडरांवर चालत असतात. एक पंचांग, दुसरे सरकारी आर्थिक वर्ष आणि तिसरे घरातले, म्हणजे मुलांची शाळा, बोनस, पगारवाढ आणि गावाकडे पिकाचे पैसे हाती येण्याची वेळ.

त्याआधी दस्तनोंदणीचा आकडा म्हणजे नेमके काय, हे पाहायला हवे, कारण बहुतेक गैरसमज तेथेच सुरू होतात. आपण सदनिका पसंत करतो, टोकन देतो, बुकिंगचा अर्ज भरतो, बँकेकडून कर्जाचे मंजुरीपत्र घेतो, ई-चलनाने मुद्रांक शुल्क भरतो, करारनाम्यावर सह्या करतो आणि मग दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन दस्त नोंदवतो. बातमीतला आकडा या शेवटच्या पायरीचा असतो. बिल्डरांच्या व्यवहारांचे नियमन करणाऱ्या रेरा कायद्यातील कलम 13 प्रमाणे बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी करारनामा करून त्याची नोंदणी करावी लागते, म्हणून बुकिंग आणि नोंदणी यांत फार मोठे अंतर सहसा पडत नाही, तरी कर्ज मंजूर होईपर्यंत काही आठवडे सहज जातात. त्यातच नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 23 नुसार सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करता येतो. त्यामुळे दसऱ्याला टोकन देऊन ठरलेले घर कागदावर नोव्हेंबरमध्ये किंवा डिसेंबरमध्ये दिसू शकते. दसऱ्याच्या मुहूर्तावर किती घरे विकली गेली, हे ऑक्टोबरच्या नोंदणीवरून पूर्णपणे कळत नाही ते यामुळेच. मुंबईच्या मासिक आकड्यांत दुकाने, कार्यालये अशा बिगरनिवासी मालमत्तांचे दस्तही असतात, हेही ध्यानात ठेवावे. मात्र त्यांतील मोठा वाटा घरांचाच असतो.

पंचांगाचा परिणाम महाराष्ट्रातील वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीचा पाडवा हे साडेतीन मुहूर्त, नवरात्राचे नऊ दिवस आणि धनत्रयोदशी या काळात विचारणा वाढते, सॅम्पल फ्लॅट पाहायला सहकुटुंब गर्दी होते आणि बिल्डरांच्या जाहिरातीही याच दिवसांसाठी राखून ठेवलेल्या असतात. पितृपक्षात आणि अधिक महिन्यात व्यवहार मंदावतात. चातुर्मासात वास्तुशांतीचे मुहूर्त कमी मिळतात, म्हणून तयार घराचा ताबा पावसाळ्याआधी किंवा दिवाळीनंतर घ्यावा, असा अनेकांचा कल असतो. यात नीट समजून घ्यावी अशी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे या तारखांचे सरकणे. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्याने सण दर वर्षी साधारण 11 दिवस अलीकडे येतात आणि सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास आला की ते एकदम पुढे ढकलले जातात. 2023 मध्ये गुढीपाडवा 22 मार्चला होता, 2024 मध्ये 9 एप्रिलला आणि 2025 मध्ये 30 मार्चला. त्यामुळे पाडव्याची गर्दी कधी मार्चच्या आकड्यात मोजली जाते, तर कधी एप्रिलच्या. ज्या देशांत घरांचा हंगाम थंडी आणि उन्हाळा यांवर ठरतो, तेथे जून दर वर्षी जूनसारखाच असतो. आपल्याकडे मात्र मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलनासुद्धा फसवी ठरू शकते.

दुसरे कॅलेंडर सरकारी आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत प्रबळ आहे.

31 मार्चला आर्थिक वर्ष संपते. जुन्या करपद्धतीने आयकर भरणारे लोक गृहकर्जाच्या व्याजाची आणि मुद्दल परतफेडीची वजावट त्याच वर्षात मिळावी म्हणून व्यवहार मार्चच्या आत बसवतात, बिल्डरांनाही वर्षअखेरीचे लक्ष्य गाठायचे असते आणि बँकांनाही. पण महाराष्ट्रात मार्चमधल्या गर्दीचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे 1 एप्रिल या तारखेशी जोडलेला रेडी रेकनर. वार्षिक बाजारमूल्य दरांचा हा तक्ता सरकार जाहीर करते आणि मुद्रांक शुल्काची आकारणी त्याच्या आधारे होते. 2015 पर्यंत हे नवे दर 1 जानेवारीपासून लागू होत, म्हणून तेव्हा दरवाढीच्या भीतीने होणारी धावपळ डिसेंबरमध्ये असे. 2016 पासून तारीख 1 एप्रिल झाली आणि ती धावपळ मार्चमध्ये आली. हवामान तेच, लग्नसराई तीच, शाळांच्या सुट्ट्या त्याच, आणि तरीही सरकारने तारीख बदलताच धावपळीचा महिना बदलला, यावरून हंगाम म्हणून आपण ज्याकडे पाहतो त्यातले किती निसर्गाचे आणि किती नियमांचे, याचा अंदाज येतो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा 2020 सालाने दिला. टाळेबंदीमुळे त्या वर्षी नोंदणी ठप्प झाली होती. ऑगस्ट 2020 मध्ये मुंबईत अडीच हजारांच्या आसपास दस्त नोंदले गेले. त्यानंतर राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर या काळासाठी 3 टक्क्यांची आणि 1 जानेवारी ते 31 मार्च 2021 या काळासाठी 2 टक्क्यांची सवलत जाहीर केली. मुंबईत 5 टक्क्यांचा दर आधी 2 टक्के आणि नंतर 3 टक्के झाला. 1 कोटी रुपयांच्या घरावर डिसेंबरअखेर 3 लाख रुपये वाचत होते. आता त्या वर्षीचे पंचांग पाहावे. सप्टेंबरच्या सुरुवातीला पितृपक्ष लागला, तो 17 तारखेला संपला आणि लगेच 18 सप्टेंबरपासून 16 ऑक्टोबरपर्यंत अधिक आश्विन होता. म्हणजे जवळजवळ दीड महिना रूढीप्रमाणे नव्या खरेदीसाठी टाळला जाणारा काळ होता. तरी सप्टेंबरमधील नोंदणी साडेपाच हजारांच्या पुढे गेली, ऑक्टोबरमध्ये सुमारे आठ हजारांवर पोहोचली आणि सवलतीच्या शेवटच्या महिन्यात, डिसेंबरमध्ये, 19 हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. टाळेबंदीत रखडलेले व्यवहारही यात होते हे खरे, पण डिसेंबरच्या त्या उसळीचे मुख्य कारण 31 तारखेची मुदतच होते. श्रद्धा आणि पैसा समोरासमोर आले तेव्हा लोकांनी काय केले, हे त्या आकड्यांत लिहिलेले आहे, आणि त्याबद्दल कोणालाही नावे ठेवण्याचे कारण नाही. 3 लाख रुपये मध्यमवर्गीय कुटुंबाला फार मोठे असतात.

मार्च 2022 मध्ये हेच पुन्हा दिसले. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर या शहरांत मेट्रोसाठीचा 1 टक्का अधिभार 1 एप्रिल 2022 पासून लागू होणार होता आणि मुंबईत त्या मार्चमध्ये 16 हजारांहून अधिक दस्त झाले. मार्च 2025 मध्ये तर आर्थिक वर्षाची अखेर, 30 तारखेचा पाडवा आणि तीन वर्षांनंतर 1 एप्रिलपासून लागू होणारी रेडी रेकनरची वाढ अशी तीन कारणे एकाच आठवड्यात एकत्र आली, आणि आकडा 15 हजारांच्या वर गेला. अशा महिन्यानंतरचा महिना उतरलेला दिसतो, कारण जे लोक एप्रिल किंवा मे महिन्यात येणार होते ते मार्चमध्येच येऊन गेलेले असतात. ती मागणी आधीच झालेली असते. तिला मंदी म्हणणे चूक आहे.

या मार्चच्या गर्दीबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण तिचा फटका सामान्य खरेदीदाराला बसताना मी जवळून पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी मार्च संपता संपता मी माझ्या मावसभावाच्या घराच्या नोंदणीसाठी साक्षीदार म्हणून पुण्यातील एका दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो होतो. बाहेरच्या अरुंद जिन्यात फायली छातीशी धरलेली माणसे उभी होती, टोकनचा क्रमांक पुढे सरकत नव्हता, सर्व्हर मधूनमधून बंद पडत होता आणि एक वृद्ध गृहस्थ अंगठ्याचा ठसा यंत्राला उमटत नाही म्हणून चौथ्यांदा अंगठा पुसून ठेवत होते. आमचा क्रमांक संध्याकाळी सात वाजता लागला. एजंटाने भावाला सांगितले होते की 31 मार्चच्या आत दस्त झाला नाही तर रेडी रेकनर वाढेल आणि स्टॅम्प ड्युटी जास्त भरावी लागेल. त्या घाईत करारनाम्याचा मसुदा आदल्या रात्री हाती आला आणि तो पूर्ण न वाचताच सही झाली. पुढे लक्षात आले की गाडी लावण्याच्या जागेचा क्रमांक आणि मोजमाप करारात कोठेच लिहिलेले नव्हते. ती दुरुस्ती करून घेण्यासाठी त्याला आठ महिने खेटे घालावे लागले.

आणि ज्या भीतीने ही घाई झाली, ती त्याच्या बाबतीत निराधार होती. मुद्रांक शुल्क हे करारातील किंमत आणि रेडी रेकनरप्रमाणे येणारे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारले जाते. समजा, पुण्यातील एका नव्या सदनिकेची करारातील किंमत 80 लाख रुपये आहे आणि रेडी रेकनरप्रमाणे तिचे मूल्य 65 लाख होते. शुल्क 80 लाखांवर लागेल. पुणे शहरात सध्या सर्व अधिभार धरून दर 7 टक्के आहे, म्हणून ते 5 लाख 60 हजार होईल. आता रेडी रेकनर 5 टक्क्यांनी वाढला, तर 65 लाखांचे 68 लाख 25 हजार होतील, पण ते अजूनही 80 लाखांहून कमी आहेत, म्हणून शुल्क तेच, 5 लाख 60 हजारच राहील. एका पैशाचाही फरक पडणार नाही. याउलट, एखाद्या जुन्या इमारतीतील सदनिका 60 लाखांना ठरली असेल आणि तिचे रेडी रेकनर मूल्यच 62 लाख असेल, तर शुल्क आज 62 लाखांवर, म्हणजे 4 लाख 34 हजार आहे. 5 टक्के वाढीनंतर मूल्य 65 लाख 10 हजार होईल आणि शुल्क 4 लाख 55 हजार 700, म्हणजे 21,700 रुपये जास्त. घाई कोणी करावी आणि कोणी करू नये, हे या दोन उदाहरणांतील फरकावरून ठरते, आणि तो हिशेब दहा मिनिटांत होतो. रेडी रेकनरचे दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव, प्रभाग आणि सर्व्हे क्रमांकानुसार कोणालाही पाहता येतात. शुल्काचा दरच बदलणार असेल, जसा तो 2020 मध्ये किंवा 2022 मध्ये बदलला, तेव्हा मात्र मुदत सर्वांनाच लागू पडते.

तिसरे कॅलेंडर घरातले. महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनच्या मध्यास, विदर्भात जूनच्या अखेरीस सुरू होतात, म्हणून शाळा बदलावी लागणाऱ्या कुटुंबांना ताबा एप्रिल-मेमध्ये हवा असतो आणि भाड्याच्या घरांची उलथापालथही त्याच दिवसांत होते. नोकरदारांच्या हातात दिवाळीच्या बोनसाचे पैसे येतात आणि त्यातून टोकन दिले जाते. तालुक्याच्या गावात हिशेब वेगळा असतो. कोल्हापूर-सांगलीकडे ऊस गाळपाला गेल्यानंतर, विदर्भ-मराठवाड्यात कापूस आणि सोयाबीन विकल्यानंतर पैसे हाती येतात, आणि प्लॉटची किंवा बांधलेल्या घराची बोलणी त्यानंतर सुरू होतात. पीक बुडालेल्या वर्षी तेथे दसऱ्याच्या मुहूर्तानेही फरक पडत नाही. मुंबईच्या आकड्यांवरून बार्शीचा किंवा वरुडचा बाजार समजत नाही, हे म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

पावसाळ्याबद्दल एक वेगळी सूचना करावीशी वाटते. जून ते ऑगस्ट या काळात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, घरे पाहायला जाणाऱ्यांची संख्या कमी होते. पण जुने घर घेणाऱ्यासाठी घर पाहण्याचा खरा काळ हाच आहे. छताच्या कोपऱ्यातील ओल, खिडकीच्या चौकटीतून आत येणारे पाणी, तळमजल्यावर साचणारे पाणी आणि इमारतीपर्यंतच्या रस्त्याची अवस्था या गोष्टी जुलैत दिसतात. दिवाळीपूर्वी रंग मारला की भिंत काहीच सांगत नाही. विक्रेत्याकडे त्या दिवसांत गिऱ्हाईक कमी असल्याने बोलायलाही सवड असते.

किमतीवर हंगामाचा परिणाम आपल्याकडे विक्रीच्या संख्येइतका दिसत नाही. बिल्डर दर सहसा उतरवत नाहीत, कारण आज एका गिऱ्हाइकासाठी दर उतरवला तर आधीच्या गिऱ्हाइकांना उत्तर द्यावे लागते आणि पुढच्यांनाही तोच द्यावा लागतो. त्याऐवजी सणात मुद्रांक शुल्क आमच्याकडून, मॉड्युलर किचन, सोन्याचे नाणे किंवा ताब्यापर्यंत हप्ता नाही अशा सवलती दिल्या जातात. त्यांचे मूल्य रुपयांत मोजून दर चौरस फुटामागे किती पडते ते काढावे आणि मग सण नसताना थेट तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मिळते का, हे विचारून पाहावे. करारातील किंमतच कमी झाली तर त्यावरचे मुद्रांक शुल्कही रेडी रेकनरच्या मर्यादेपर्यंत कमी होते, जे भेटवस्तूने होत नाही.

आकडे वाचण्याची रीत आता सोपी होते. एका महिन्याची मागील महिन्याशी तुलना केलेली असेल, तर तिला फारसे महत्त्व देऊ नये. मागील वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली असेल, तर दोन्ही वर्षांचे पंचांग उघडून पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी आणि पाडवा कोणत्या बाजूला पडले ते पाहावे आणि शुल्काच्या दरात बदल होता का ते तपासावे. सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या तीन महिन्यांची एकत्र बेरीज केली की सणांच्या सरकण्याचा बराचसा दोष निघून जातो. मार्च आणि एप्रिल यांच्या बाबतीतही तसेच करावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे मागील बारा महिन्यांची बेरीज दर महिन्याला पुढे सरकवत पाहणे, कारण बारा महिन्यांत बहुतेक वेळा प्रत्येक सण एकदाच येतो आणि मार्चही एकदाच. ही बेरीज सलग सहा-आठ महिने उतरत गेली, तर मागणी खरोखर घटते आहे असे म्हणता येईल.

2025 चे शरद ऋतूतील आकडे या रीतीने वाचून पाहावेत. त्या वर्षी पितृपक्ष 21 सप्टेंबरला संपला, 22 ला घटस्थापना झाली आणि दसरा 2 ऑक्टोबरला आला. नवरात्राचा बहुतेक भाग सप्टेंबरमध्ये असल्याने मुंबईत सप्टेंबरची नोंदणी 12 हजारांच्या आसपास गेली, म्हणजे आदल्या सप्टेंबरपेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने जास्त, आणि ऑक्टोबर आदल्या ऑक्टोबरपेक्षा खाली राहिला. 2024 च्या बरोबर उलट चित्र. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून हा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्यानंतरचे सण पुन्हा पुढे जातात, पितृपक्ष सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन 10 ऑक्टोबरपर्यंत चालतो आणि नवरात्र त्यानंतर लागते. त्या सप्टेंबरची तुलना 2025 च्या सप्टेंबरशी करताना एका बाजूला नवरात्र आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे आधी लिहून ठेवावे आणि मग टक्केवारी वाचावी.